कानावरची काळी टिकली

“टाकसाळे साहेब, तुमच्या शॉपमधला शेवटचा अपघात कधीचा?” इनामदार मॅडमनी फळ्यावर लिहिता लिहिता, पाठमोऱ्या राहूनच विचारलं.

टाकसाळे साहेब पहिल्या रांगेत, बरोबर त्यांच्या मागं बसले होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि मोठ्यांदा म्हणाले, “येईलच आता. कॅन्टीनला सांगून ठेवलंय मी.”

सगळा हॉल खो खो हसला. पर्सनल खात्याचे पुरंदरे साहेब तर टेबलावर थापा मारायला लागले. “वा! अपघाताचीसुद्धा ऑर्डर देऊन ठेवलीय टाकसाळेंनी!”

मी हसले नाही. मला संताप आला होता. आमच्या कचरूचं बोट प्रेसखाली जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं, आणि हा माणूस त्याची चेष्टा करत होता, असं मला वाटलं.

इनामदार मॅडमही हसल्या नाहीत. त्या वळल्या, साहेबांकडे क्षणभर बघत राहिल्या आणि मग त्यांच्यासमोर येऊन सावकाश म्हणाल्या, “शेवटचा अपघात. कधी झाला?”

साहेबांचा चेहरा उतरला. “मार्चमध्ये,” ते म्हणाले. “कचरू वाघचौरेचं बोट गेलं. मशीनचा गार्ड काढून ठेवला होता. मी तिथं असायला पाहिजे होतो.”

ही गोष्ट वाळूजच्या एमआयडीसीतली. आमच्या कारखान्यात मोटारींचे पत्र्याचे भाग बनायचे. भल्यामोठ्या शेडमध्ये ओळीनं पॉवर प्रेस उभे. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं. मी उज्ज्वला दाभाडे, इन्स्पेक्शनच्या टेबलावर होते. तयार झालेला माल तपासून बाजूला काढायचा, हे माझं काम. त्या वर्षी कंपनीत नवी सुरक्षा समिती नेमली गेली. निम्मे सभासद कामगारांचे, निम्मे साहेब लोकांचे. त्या सगळ्यांना धोके कसे ओळखायचे हे शिकवायला पुण्याहून झरीना इनामदार मॅडम आल्या होत्या. कॅन्टीनच्या वरच्या हॉलमध्ये एक दिवसाचं प्रशिक्षण होतं.

समितीत एक तरी बाई हवी म्हणून युनियननं विचारलं, तेव्हा मी पटकन हात वर केला होता. सुरक्षेचं मला काही फार कळत होतं असं नाही. मला टाकसाळे साहेबांसमोर, त्यांच्या बरोबरीनं बसायचं होतं.

साहेब प्रेस शॉपचे मॅनेजर. शॉपमध्ये सगळे त्यांना ‘भिंत’ म्हणायचे. बोलायचं तर भिंतीशी बोलावं, असं. नमस्कार केला तर कधी घ्यायचे, कधी सरळ पुढं जायचे. दोन वर्षांपूर्वी माझ्या रेणूला डेंग्यू झाला. शाळेतून निरोप आला, मुलीला दवाखान्यात हलवलंय. मी धावत साहेबांकडं गेले. ते प्रेसचा डाय, म्हणजे साचा, बघत उभे होते. मी म्हटलं, “साहेब, मुलगी सीरियस आहे, मला जावं लागेल.” ते बोलले नाहीत. मी परत सांगितलं, रडत सांगितलं. ते मागं न बघता पुढच्या मशीनकडं निघून गेले. मी तशीच गेले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या लाइनसमोर मला विचारलं, “दाभाडेबाई, न सांगता कशा काय गेलात?”

न सांगता! तो शब्द मी दोन वर्षं सांभाळून ठेवला होता.

त्या दिवशी सकाळपासून मी बघत होते, साहेब पहिल्या रांगेत बसून मॅडमच्या तोंडाकडं एकटक बघत होते. नजर हलायची नाही. मला ते बघूनही कसंतरी झालं. या वयात हे काय, असं मनात आलं.

जेवणाआधी मॅडमनी जोड्या लावल्या. “एक कामगार, एक साहेब. जेवणाच्या सुट्टीत प्रेस बंद असतात, तेव्हा शॉपमध्ये फेरी मारायची. रोजच्या गडबडीत जे दिसत नाही ते बघायचं. आल्यावर दोघांनी मिळून सांगायचं. भांडण झालं तरी चालेल, पण दोघांनी मिळून.”

चिठ्ठ्या वगैरे काही नाही. त्यांनी बोट दाखवलं. “दाभाडेताई, तुम्ही टाकसाळे साहेबांबरोबर.”

बंद शॉपमध्ये मी पहिल्यांदाच फिरत होते. इतकं शांत की वरच्या पत्र्यावर बसलेल्या पारव्यांचं घुमणं ऐकू येत होतं. साहेब पुढं, मी मागं. मला वाटलं होतं, हा माणूस ‘आमच्याकडं सगळं ठीक आहे’ म्हणून मोकळा होईल. पण ते एकेका मशीनपाशी थांबत होते. “हे बघा, गार्ड तारेनं बांधलाय. लिहा.” “इथं तेल सांडतं. पाय घसरून माणूस थेट डायवर जाईल. लिहा.” त्यांची नजर तेज होती, हे मला कबूल करावं लागलं. मी मधूनच काही विचारलं तर मात्र उत्तर नाही. मी ओठ आवळून लिहीत राहिले.

स्टोअरच्या वळणावर भंगाराची ढकलगाडी उभी होती. तिचं एक चाक तुटलं होतं. साहेब वाकून ते बघायला लागले, आणि तेवढ्यात वळणापलीकडून इलियासचा फोर्कलिफ्ट मागं मागं येताना मला दिसला. पुढं पत्र्याच्या थप्प्या उंच लागलेल्या, म्हणून तो रिव्हर्समध्ये गाडी काढत होता. सुट्टीत वाटा मोकळ्या असतात, तेव्हाच तो माल हलवायचा. रिव्हर्सचा भोंगा टीं टीं वाजत होता. त्यानं हॉर्नही मारला. मग लांबलचक मारला.

साहेब हलले नाहीत.

मला वाटलं, आता हलतील. एवढा आवाज होता, झोपलेला माणूस उठून बसला असता. साहेब आरामात त्या चाकावर बोट फिरवत होते. इलियासला वाटलं असणार, हॉर्न ऐकून वाट मोकळी झाली. गाडी येतच राहिली.

“साहेब!” मी ओरडले. आणि ओरडून उपयोग नाही हे कुठून कळलं कोण जाणे, मी धावले. शर्टाची कॉलर आणि दंड, जे हाताला लागलं ते धरून मागं ओढलं. आम्ही दोघंही धाडकन आपटलो. फोर्कलिफ्टचं मागचं चाक ढकलगाडीवर गेलं आणि तिचा पत्रा चेपून भिंतीला चिकटला. एक क्षण आधी साहेबांचं डोकं तिथं होतं.

इलियास उडी टाकून आला. त्याचा चेहरा पांढराफटक. “लागलं का साहेब? दाभाडेताई, लागलं का?”

साहेब उठून बसले. त्यांनी गाडीकडं बघितलं आणि इलियासवर कडाडले, “हॉर्न मारता येत नाही तुला? आंधळ्यासारखा गाडी मागं घेतोस?”

इलियास माझ्याकडं बघायला लागला. “ताई, मारला की मी! दोनदा मारला. खुदा कसम, मारला.”

“मारला होता साहेब,” मी म्हटलं. “भोंगा पण चालू होता.”

साहेब खाली बघायला लागले. मी इलियासला म्हटलं, “तू गाडी लाव आणि पाणी पी जा. कुणाला काही झालेलं नाही.” तो गेला.

साहेब माझ्याकडं पाठ करून कपडे झटकत उभे होते. माझ्या डोक्यात काहीतरी हळूहळू जुळत होतं. मी जागची हलले नाही. नेहमीच्या आवाजात, पाठीमागूनच विचारलं, “साहेब, तुमचं गाव कुठलं?”

ते कपडे झटकत राहिले.

“साहेब, घरी कोण कोण असतं?”

काहीच नाही. मग ते सहज वळले आणि माझा चेहरा त्यांना दिसला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. पण त्यांना कळलं. बाजूला एक रिकामा क्रेट होता, त्यावर ते बसले.

“किती वेळा विचारलंत?” ते म्हणाले.

“दोनदा.”

“डावा कान आधी गेला,” साहेब म्हणाले. “मी हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा कापसाचे बोळे घालायचो कानात. सुपरवायझर हसायचा, म्हणून काढून टाकले. मग उजवा गेला. आता समोर बसून कुणी बोललं तर तोंडावरून कळतं. प्रेस चालू असले की बरं असतं. तेव्हा कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळेच तोंडापाशी येऊन ओरडतात, मला सोपं जातं. शांत जागेची भीती वाटते मला.”

मग मी ते बोललेच. रेणूच्या डेंग्यूचं. त्यांच्या समोर उभी राहून, त्यांना माझं तोंड नीट दिसेल अशी. त्यांनी सगळं ऐकलं, म्हणजे बघितलं.

“मी तेव्हा तुमच्याकडं बघत होतो?”

“नाही. डायकडं.”

“मग मला कळलंच नसणार, बाई.” ते कपाळावर हात फिरवत म्हणाले. “मला वाटलं, तुम्ही न सांगता गेलात. मुलगी?”

“बरी आहे. सातवीला आहे.”

“बरी आहे ना?” त्यांनी परत विचारलं. ऐकू आलं नव्हतं म्हणून नव्हे.

दोन वर्षं छातीवर धोंडा घेऊन मी कामावर येत होते. तो तिथंच, त्या भंगाराच्या गाडीशेजारी उतरला. मला एकदम भूक लागल्याचं आठवतं.

पण साहेब उठले आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाले, “बाई, हे तुमच्याजवळच राहू द्या. बहिऱ्या माणसाला प्रेस शॉप देतील का? उद्या घरी बसवतील. मला दुसरं काही येत नाही.”

मला फार वाईट वाटलं. माझा त्यांच्यावरचा राग नुकताच गेला होता, आणि लगेच मला त्यांना नाही म्हणायचं होतं.

“आज तुम्ही गेला असता तर इलियासला धरून नेलं असतं,” मी म्हटलं. “सगळ्यांनी म्हटलं असतं, हॉर्न मारला नसेल. तुम्हीसुद्धा तेच म्हणालात. त्याची दोन लहान लेकरं आहेत साहेब.”

त्यांनी नजर वळवली. मी थांबले, ते परत माझ्याकडं बघेपर्यंत.

“मी समितीवर आहे. मला हे पोटात ठेवता येणार नाही. पण मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगा.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर संध्याकाळी मी सांगेन.”

त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाले, “चला, जेवायची वेळ गेली.”

जेवणानंतर आम्ही हॉलमध्ये गेलो तर मॅडमनी दोन मोठे खाकी कागद जमिनीवर पसरले होते. युनियनच्या वाघचौरेला, तोच आमचा कचरू, त्यावर झोपायला लावलं आणि त्याच्याभोवती स्केचपेननं रेघ ओढली. एक पुढून, एक पाठीमागून. दोन्ही कागद भिंतीवर चिकटवल्यावर दोन भलीमोठी माणसं तयार झाली. मग मॅडमनी पर्समधून टिकल्यांची पाकिटं काढली. साधी, बायका लावतात ती.

“लाल टिकली म्हणजे दुखतंय. काळी म्हणजे गेलं, परत यायचं नाही. आपल्या अंगात जिथं जे असेल, तिथं या माणसावर लावायचं. नाव सांगायची गरज नाही.”

पुरुषांना हसूच आवरेना. “मॅडम, बायको विचारेल टिकली कुणाची चिकटून आली!” कुणीतरी म्हणालं.

पुरंदरे साहेब खुर्ची न सोडता म्हणाले, “हे कामगारांसाठी आहे ना? ऑफिस स्टाफनं पण लावायची?”

“शरीर तुम्हालाही आहे ना साहेब?” मॅडम म्हणाल्या.

पहिला कचरू उठला. त्यानं उजव्या हाताच्या एका बोटावर काळी टिकली लावली आणि परत येऊन बसला. हसणं थांबलं. मग एकेक जण उठायला लागला. कमरेवर लाल. खांद्यावर लाल. मनगटावर, मानेवर, डोळ्यांवर. मीही उठले, पायाच्या पोटऱ्यांवर लावून आले. दिवसभर उभं राहून तिथं शिरा फुगल्या होत्या. पुरंदरे साहेबांनी शेवटी पाठीच्या कण्यावर एक चिकटवली.

मी टाकसाळे साहेबांकडं बघत होते. ते पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते. टिकल्यांचं पाकीट हातात होतं, उघडलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, “झालं सगळ्यांचं?” ते उठले नसते तर संध्याकाळी मला उठावं लागणार होतं.

ते उठले. सावकाश भिंतीपाशी गेले. काळी टिकली काढायला त्यांना वेळ लागला. त्यांची बोटं जाड, टिकली नखाला चिकटत होती. त्यांनी ती कागदावरच्या माणसाच्या डाव्या कानावर लावली. मग दुसरी काढून उजव्या कानावर लावली. आणि आमच्याकडं वळून, त्यांच्या त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले,

“मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. तुम्ही मला भिंत म्हणता, ते मला तोंडावरून कळतं. आज सुट्टीत मी इलियासच्या गाडीखाली गेलो असतो. त्यानं हॉर्न मारला होता, त्याची काही चूक नाही. दाभाडेबाईंनी ओढलं म्हणून उभा आहे. मॅडम, सकाळी तुम्ही अपघाताचं विचारलंत, मला चहाचं वाटलं. कचरू, माफ कर बाबा.”

कचरूनं नुसती मान हलवली. पुरंदरे साहेब अर्धवट उठले आणि परत बसले.

मग कचरूच उठला. त्यानं पाकिटातून एक लाल टिकली काढली आणि साहेबांच्या काळ्या टिकलीशेजारी लावली. “मला टीव्ही मोठा लागतो,” तो म्हणाला. “पोरं भांडतात.” त्याच्यामागून वेल्डिंगचा एक जण उठला. मग टूल रूमचा. सकाळपासून एकानंही कानाचं नाव काढलं नव्हतं, आणि आता कानापाशी जागा उरेना, टिकल्या गालावर लावायची वेळ आली. मलाही आठवलं, उशीला कान टेकला की आत एक बारीक शिट्टी वाजत राहते. मी ती इतके दिवस शेजारच्या पंख्याची समजत होते. मीही एक लाल लावली.

इनामदार मॅडम भिंतीजवळ उभ्या राहून ते बघत होत्या. “आता या कागदाकडं बघा,” त्या टाकसाळे साहेबांकडं तोंड ठेवून म्हणाल्या. सकाळच्या त्या प्रश्नानंतर दिवसभरात त्यांनी साहेबांना एकदाही पाठमोरं राहून काही विचारलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. “हा माणूस आजारी नाही. याला जिथं उभं केलंय, ती जागा आजारी आहे. समितीनं तिथून सुरुवात करायची.”

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. पुरंदरे साहेब दोन-तीन बैठकांत म्हणत राहिले की असा माणूस शॉपवर ठेवणं कंपनीला झेपणार नाही. आम्ही कामगारांच्या बाजूचे सगळे एकच म्हणत राहिलो की हे दुखणं कंपनीत आलंय, तर ते घेऊन माणसाला घरी पाठवायचं नाही. वाद झाले. मी पहिल्यांदा टेबलावर हात आपटला, तो साहेब मंडळींसमोर. शेवटी टाकसाळे साहेबांना टूल रूमच्या प्लॅनिंगला घेतलं. पगार, हुद्दा तसाच. सगळ्यात मोठ्या प्रेसभोवती आवाज अडवणारे पडदे आले, फोर्कलिफ्टवर फिरता दिवा आला आणि सगळ्यांच्या कानांची तपासणी ठरली.

ती तपासणी त्याच कॅन्टीनच्या हॉलमध्ये झाली. ज्यांना कानाचं यंत्र लागेल असं वाटत होतं, त्यांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. टाकसाळे साहेबांच्या पत्नी सुभद्राबाई आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, एका पायावर किंचित भार देऊन चालणाऱ्या. मी समितीची म्हणून रांग लावायला उभी होते. त्या माझ्याजवळ आल्या आणि खूप मोठ्या आवाजात म्हणाल्या, “तुम्हीच का दाभाडेताई?” मग स्वतःच ओशाळल्या. “सवय झाली हो ओरडायची.”

मी त्यांना पाणी दिलं. ते हातात धरून त्या हळू बोलल्या, “एक सांगू ताई? मला वाटायचं, ह्यांना माझा कंटाळा आलाय. मी काहीतरी सांगावं आणि ह्यांनी खिडकीबाहेर बघावं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असंच होत असेल म्हटलं. मी बोलायचंच सोडून दिलं होतं. मुलींना पण मी म्हणायचे, बाबांना काही सांगू नका, त्यांना आवडत नाही. त्या दिवशी घरी येऊन हे म्हणाले, अगं मला ऐकूच येत नाही. तर मी हसायला लागले ताई. हे म्हणाले, हसतेस काय? आता कसं सांगू ह्यांना, की मला किती हलकं वाटलं!”

साहेबांचा नंबर आला. कान तपासणारी मुलगी तरुण होती, पण हात हलके होते तिचे. तिनं दोन्ही कानांत छोटी यंत्रं बसवली, बटणं फिरवली. साहेब डोळे मिटून बसले होते. बाहेर कुणीतरी भांडी धूत होतं, एक ताट पडलं, तसे ते दचकले आणि डोळे उघडून सगळीकडं बघायला लागले.

“मावशी,” मुलगी म्हणाली, “तुम्ही यांच्या मागं उभ्या राहा आणि काहीतरी बोला. नेहमीच्या आवाजात.”

सुभद्राबाई मागं जाऊन उभ्या राहिल्या. “काय बोलू?” त्या ओरडल्या.

साहेबांनी दोन्ही हात कानांवर घेतले. “अगं हळू!”

सगळे हसले. ज्याला सगळे भिंत म्हणायचे तो माणूस कुणाला तरी हळू बोल म्हणत होता.

“आणखी हळू, मावशी,” मुलगी म्हणाली. “शेजारी बसलेल्या माणसाला सांगतो तसं.”

सुभद्राबाईंनी पदर सारखा केला, माझ्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, “गुडघा लई दुखतो हो माझा.”

साहेब खुर्चीत गर्रकन वळले. “कधीपासून?”

सुभद्राबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तोंडावर मात्र हसू. “दिवाळीच्या आधीपासून,” त्या म्हणाल्या. “रोज सांगत होते मी.”

साहेब खुर्चीतून उठले. खांद्याला धरून त्यांनी सुभद्राबाईंना तिथं बसवलं आणि स्वतः समोर स्टूल ओढून घेतलं.

“आता सांग,” ते म्हणाले. “पहिल्यापासून सांग.”